दार उघडं असताना

मार्चमधला दुसरा मंगळवार. नुअर्क विमानतळावरचं बिनखिडकीचं ऑफिस. वादातली रक्कम शून्य डॉलर, सत्तेचाळीस मिनिटांच्या कामाची. हजर तिघं : मी, माझा सुपरवायझर, आणि स्पीकरफोनवर युनियनची प्रतिनिधी, तिचा आवाज तुटत होता.

टेबलावर माझाच रिपोर्ट होता. त्यातल्या दोन शब्दांवर निळी रेघ मारलेली. 'कामावर असताना.' वर सुपरवायझरच्या अक्षरात, 'विमानात असताना.'

"इथे इनिशियल कर," तो म्हणाला. "दार उघडं होतं. यू वेअर नॉट वर्किंग."

आमच्या एअर होस्टेसच्या नोकरीचा नियमच तो. विमानाचं दार बंद झालं की पगार सुरू. त्याआधी प्रवासी आत घ्यायचे, बॅगा वर ढकलायच्या, सीटवरून होणारी भांडणं मिटवायची, ते सगळं फुकट. अकरा वर्षं मी ते केलं. कुणी विचारलं तर हसून सांगितलं. हसून सांगत राहिले, ही माझी चूक.

रिपोर्ट ज्या दिवसाचा, त्या दिवशी एक मावशी चढल्या. आयसेलिनला एका मुलीकडे राहून शिकागोला दुसऱ्या मुलीकडे निघालेल्या. बाराव्या रांगेपाशी कोसळल्या. मी खाली बसले, डोकं मांडीवर घेतलं, ऑक्सिजन लावला. माझ्या नावाची पट्टी वाचून पुटपुटल्या, "बाई, तुम्ही आपल्यातल्याच का? हात सोडू नका." नाही सोडला. त्या माझ्या युनिफॉर्मवर ओकल्या. त्यांना खुर्चीत घालून नेईपर्यंत सत्तेचाळीस मिनिटं गेली. मला पक्कं माहीत आहे, कारण नाडी मोजताना घड्याळ बघावंच लागतं.

मावशींचं पुढे काय झालं ते मला कुणी कळवलं नाही. विमानाला उशीर का झाला, ते मात्र सगळ्यांना जाणून घ्यायचं होतं.

'कामावर' लिहिलं की त्या वेळेचे पैसे मागता येतात. म्हणून ती रेघ. सही नाही केली तर फाइलमध्ये ताकीदपत्र. एक आधीच होतं. तीन झाली की नोकरी संपली.

मी पाच मिनिटं मागून घेतली. कॉरिडॉरमधून मुलाला फोन केला. तो स्टेट कॉलेजला शिकतो.

"आई, जस्ट साइन इट. इट्स टू वर्ड्स."

"हो रे. दोनच."

नवऱ्याला जाऊन सहा वर्षं झाली. पिस्कॅटवेच्या घराचा हप्ता, विमा, मुलाची फी, सगळं या नोकरीवर. आणखी कुणाला विचारणार? त्या विमानात माझ्याबरोबर कामाला असलेल्या तिघींनी आपापल्या रिपोर्टवर सह्या करून टाकल्या होत्या. हप्ते त्यांनाही आहेत.

आत गेले. म्हणाले, "करते. पण आधी तू लिही. ती बाई मरायला टेकली होती तेव्हा मी काम करत नव्हते. खाली तुझं नाव."

त्याने पेन उचललं. परत ठेवलं. "डोन्ट बी ड्रॅमॅटिक."

ते पेन मी घेतलं. त्याच्या शब्दांवर रेघ मारली, वर पुन्हा लिहिलं, 'कामावर असताना.' आणि तिथे इनिशियल केलं.

दुसरं पत्र मिळालं. त्यानंतर हॉटेलच्या व्हॅनमध्ये त्या तिघी पुढे बसायच्या, मी मागे. घरी आल्यावर एका माणसाचा वरणभात.

उन्हाळ्यात नव्या कराराचा मसुदा मतदानाला आला. दार उघडं असतानाच्या वेळेला निम्मा पगार.

"झीरोपेक्षा बरं ना, यार," बरोबरची एक जण म्हणाली.

मावशींचा हात मी निम्मा धरला नव्हता. मी विरोधात मत दिलं. पुन्हा निम्मा आला तर पुन्हा विरोधात देईन. रिपोर्ट लिहिताना आता पहिले दोन शब्द तेच लिहिते. तिसरं पत्र यायचं तर येऊ दे.

युनिफॉर्म धुवायला चौदा डॉलर लागले. ते ओक ट्री रोडवरच्या ड्रायक्लीनरला मी दिले, माझ्या पर्समधून. सत्तेचाळीस मिनिटांचे कंपनीने मला दिले शून्य. ते मी अजून मागते आहे.