पौर्णिमेच्या दुपारची पाहणी

टेंडरच्या भांडणात पोलिसांनी पडू नये, असा सल्ला मला नोकरीत अनेकांनी दिला. मी एकदाच पडलो, आणि ते प्रकरण अजून माझ्या डोळ्यांसमोरून हललेलं नाही. नावं सांगणार नाही. त्यातली बरीच माणसं आजही इथेच राहतात.

नव्वदीच्या दशकाची अखेर होती. वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती आणि मी तिथे पोलीस निरीक्षक होतो. एका सरकारी बांधकाम कार्यालयाची लेखी फिर्याद आली. खाडीवरच्या छोट्या पुलाचं टेंडर भरणाऱ्या एका स्थानिक कंत्राटदाराने जागा पाहिल्याच्या दाखल्यावर अभियंत्याची खोटी सही केली, असा आरोप होता. सकृतदर्शनी गुन्हा दिसत होता. दाखल करून घेतला.

आरोपी होळी गावचा, पन्नाशीचा. घरची वाडी धाकटा भाऊ बघायचा आणि हा गटारं, संरक्षक भिंती, शाळेच्या खोल्या बांधायचा. त्याला समोर बसवलं, तर घाबरण्याऐवजी तो माझ्यावरच चिडला.

"साहेब, सही त्यांनीच केली. सकाळचं पानी उतरल्यावर आमी दोघं पात्रात गेलो, चिखल तुडवत. वर आलो आनि स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून त्यांनी सही केली. आता म्हनतात, हा आलाच नव्हता!"

हकिगत अशी होती. टेंडर भरणाऱ्याने अभियंत्याबरोबर जागा पाहून दाखला जोडायचा, ही अट होती. दाखला नसेल तर तो अपात्र, मग त्याचा दर उघडतसुद्धा नाहीत. चौघांनी टेंडर भरलं. याला अपात्र ठरवलं, आणि उरलेल्या तिघांतल्या एकाला काम दिलं. याने निवडीवर लेखी हरकत घेतली. गंमत बघा, हरकत येईपर्यंत याचा दाखला नुसता 'अमान्य' होता. हरकत आल्यावर तो 'बनावट' झाला.

"मला निरोप आलाय साहेब. हरकत मागं घे, आमी प्रकरण मिटवतो."

"मग घ्यायची की मागे."

"घेतली तर सही मीच केली असं होनार. उद्या मला कोन काम देईल? आनि गावात काय तोंड दाखवू?"

वीस वर्षांच्या नोकरीत खोटं बोलणारी माणसं मी पोत्याने पाहिली. खोटा माणूस तडजोडीला लवकर तयार होतो. हा तयार नव्हता. तेवढ्यावरून त्याला सोडता येत नव्हतं, पण अटकेची घाईही मी केली नाही. वरून दोनदा विचारणा झाली, "अजून अटक का नाही?" मी म्हटलं, तपास चालू आहे. सह्या हस्ताक्षर तज्ज्ञाकडे पाठवल्या होत्या आणि तिथून अहवाल यायला महिने लागतात, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

मग एका दुपारी पोलीस ठाण्यात निनावी फोन आला. "पुलाच्या टेंडरातला एक जण तुळिंजला भांडी विकतो. जाऊन बघा." फोन कट.

आमचे एक जुने हवालदार होते. त्यांना साध्या कपड्यात पाठवलं. ते नवीन कुकर घेऊनच परत आले.

"साहेब, खबर पक्की. दुकानदार म्हणजे काम मिळालेल्याचा मेहुणा. आणि तिसरा आहे साडू. सासुरवाडीच टेंडर भरायला बसलीय!"

"आणि हा कुकर?"

"बोलतं करायला काहीतरी घ्यायला लागतं ना साहेब. स्वस्तात दिला."

नातेवाइकांनी टेंडर भरणं हा काही आपोआप गुन्हा होत नाही. पण स्पर्धा लुटुपुटूची होती आणि चौथा खरा स्पर्धक कोणाला तरी नको होता, एवढं कळलं. मी तिघा नातेवाइकांना आणि अभियंत्याला जबाबासाठी एकाच सकाळी बोलावलं आणि चार ठिकाणी बसवलं. चौघांना प्रश्न एकच, जागा कधी आणि कशी पाहिली?

भांडीवाला घडाघडा बोलला. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी बारा वाजता. साहेबांनी पात्रात उतरवलं, मधल्या खडकावर काठी टेकवून पाया कुठे येणार ते दाखवलं. मग वर येऊन चहा घेतला. साडूही तेच बोलला. ज्याला काम मिळालं होतं तोही तेच बोलला. काठी, खडक, चहा.

खरी माणसं अशी बोलत नाहीत. एकाच लग्नाला गेलेल्या दोन भावांना विचारा, जेवणात जिलेबी होती की श्रीखंड यावर भांडतील. इथे चहात साखर जास्त होती, यावरसुद्धा एकमत होतं. पण मला हसू आलं ते वेगळ्याच गोष्टीचं.

शेवटी अभियंत्याकडे वळलो. तरुण माणूस, घाटावरून नुकताच बदलून आलेला. मीही घाटावरचाच. भरती-ओहोटी मला वसईने शिकवली, तीही विसर्जनाच्या बंदोबस्तात आणि बुडालेल्यांचे पंचनामे करताना. त्यानेही तेच सांगितलं आणि शर्टाच्या बाहीने घाम पुसला.

"वेळ नक्की बाराची?" मी विचारलं.

"नक्की. बारा ते साडेबारा."

"पात्र कोरडं होतं?"

"थोडा चिखल होता. चालता येत होतं."

"साहेब," मी त्याला म्हटलं, "आदल्या दिवशी विसर्जन झालं होतं. रात्रीतून बऱ्याच मूर्ती तरंगत काठाला परत आल्या. कोणाच्या भावना दुखावू नयेत म्हणून त्या पुन्हा खोल पाण्यात नेऊन सोडायच्या होत्या. पौर्णिमा होती, आणि पौर्णिमेला इथे दुपारी बाराच्या सुमारास मोठी भरती असते. तुम्ही ज्या खडकावर काठी टेकवली म्हणता ना, त्याच्यावरून त्या वेळी माझी होडी चालली होती. मी होडीत उभा होतो."

त्याने पाणी मागितलं. अर्धा ग्लास पिऊन म्हणाला, "मी त्या तिघांबरोबर कधी गेलोच नाही. त्या होळीवाल्या काकांबरोबर गेलो होतो, त्यांच्या दाखल्यावरची सही माझीच आहे. वरून सांगितलं, नाकारा. माझी नोकरी नवीन आहे, साहेब."

रागही आला आणि कीवही आली. पात्रातला खडक त्याने खरोखर पाहिला होता, पण ओहोटीला आणि दुसऱ्याच माणसाबरोबर. तीच पाहणी उचलून त्याने भरदुपारी ठेवली होती. पाहणीची गोष्ट रचताना चौघांनी काठीपासून चहापर्यंत सगळा विचार केला, समुद्राचा तेवढा केला नाही.

आता मी स्वतःच साक्षीदार झालो होतो. म्हणून वरिष्ठांना लेखी कळवून तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे दिला आणि त्यांच्यापुढे माझा जबाब नोंदवला. अभियंत्याचा जबाब न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर झाला. कंत्राटदारावरची फिर्याद खोटी ठरली, खोटी फिर्याद म्हणून प्रकरण बंद करायची 'ब' समरी कोर्टाने मंजूर केली. नाकारायला सांगणाऱ्या वरिष्ठाची खातेनिहाय चौकशी लागली आणि पुलाची निवड रद्द होऊन नव्याने टेंडर निघालं.

हे टेंडर आपल्या कंत्राटदाराला मिळालं असेल असं वाटत असेल, तर तसं झालं नाही. तो दुसरा आला. बाहेरच्या एका कंत्राटदाराचा दर त्याच्यापेक्षा कमी निघाला. ही बातमी सांगायला तो स्वतः ठाण्यात आला, तेव्हा मला खरंच वाईट वाटलं.

"पुन्हा हरकत घेणार का?" मी विचारलं.

"कशाला साहेब? सगळ्यांसमोर दर वाचले. त्याचा कमी होता, माजा जास्त." तो खुर्चीत ऐसपैस बसला. "हरायचं काय, धंद्यात हरतोच मानूस. या वेळी का हरलो ते मला सांगितलं."

हरकत घेणारा माणूस भांडखोर असतो, असं आम्हा सरकारी नोकरांना वाटतं. बहुतेकांना फक्त कारण हवं असतं, आणि तेच द्यायला आपण कचरतो. त्यानंतर निवृत्तीपर्यंत, कोणाचा अर्ज फेटाळायचा असला की मी त्याला समोर बसवून कारण सांगत गेलो. लोक चिडायचे, टेबलावर हात आपटायचे, कधी वर तक्रारही करायचे. पण मला फसवलं, असं म्हणत माझ्या ठाण्याची पायरी कोणी उतरलं नाही.