पान चुरगळून ओळखलेली झुडपं

अक्कलकोटच्या बाजूला धाकट्या भावाचं रान आहे. गुच्छांच्या फुलांना शहरात मागणी असते म्हणून त्यानं तिथं रोपवाटिकेत मिळाली ती ऑस्ट्रेलियातली झुडपं लावली. रोपांच्या चिठ्ठ्या वाऱ्यानं उडाल्या आणि फुलं यायला अजून वर्ष होतं. मी जन्मभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेलं, तेव्हा जुळे सोलापुरात माझ्या घरी त्याचं बोलावणं आलं.

"अक्का, ह्यात ग्रेव्हिलिया हाय का, आसली तर कुटली, तेवढं सांग. तिला खत चालत न्हाय म्हणं. बाकीच्या ओळीत झुडपांना जाळी लावून मेंढरं बसवतो."

दरवर्षी एक मेंढपाळ आमच्या रानात कळप मुक्कामाला ठेवायचा. वडिलांच्या वेळेपासूनचा घरोबा. त्या लेंडीखतावर आमची ज्वारी पोसलेली.

खूण सोपी होती. पान चुरगळायचं, वास आला तर वॅक्स फ्लॉवर नाहीतर बॉटलब्रश, न आला तर ग्रेव्हिलिया. पहिल्याच पानाला लिंबाचा असा वास सुटला की मी हरखूनच गेले. ऊन पिवळं पडलं होतं, दूर कुणीतरी मोटर चालू केली होती. मी ओळीओळीतून तरंगत होते, पान चुरगळत होते, डोळे मिटून बोटं हुंगत होते. प्रत्येक झुडूप लिंबासारखं. इतकी सुखाची दुपार मला कित्येक वर्षांत मिळाली नव्हती.

"ग्रेव्हिलिया नाहीच यात," मी ऐटीत सांगितलं. "खुशाल बसव मेंढरं."

तीन महिन्यांनी गेले तर चार ओळी करपलेल्या. हौदावर हातपाय धुऊन आले आणि एका झुडपाचं उरलेलं हिरवं पान चुरगळलं. वास नाही. त्या दिवशी मी पहिल्या पानाचाच वास बोटांवर घेऊन सगळं रान हिंडले होते.

"त्याच्या मेंढरांनी जाळलं," भाऊ म्हणाला. "कायतरी भलतं खाऊन आली आसतील, त्यांचं खतच बाधलं. परत येऊ नगं म्हणून सांगितलं त्याला."

"मेंढरांनी नाही रे. मी जाळलं." मी सगळं सांगितलं.

त्यानं एक करपलेलं झुडूप उपटून बांधावर टाकलं. मग म्हणाला, "आता कुटं बोलू नगं, अक्का. गावात तुझं लई नाव हाय."

मी बोलले नाही. उलट हायसं वाटलं, आणि त्याचीच लाज अजून जात नाही. पुढच्या वर्षी कळप आमचा बांध टाळून पलीकडून गेला. मेंढपाळानं मला बघितलं आणि लांबूनच हात जोडले.