अडुसष्ट गुणांचे पेढे

मिडटर्ममध्ये मला शंभरपैकी अडुसष्ट गुण मिळाले आणि मी आनंदाने घरी फोन केला. पुण्यात मेकॅनिकलच्या पदवीला एवढे गुण म्हणजे डिस्टिंक्शन; वर्गातले बरेचजण तर चाळीस गुण ओलांडले तरी सुटकेचा निःश्वास टाकत. मग सिंगापूरमध्ये, मास्टर्सच्या पहिल्याच सत्रात, हीट ट्रान्सफरसारख्या विषयात अडुसष्ट म्हणजे मी जिंकले, असा माझा सरळ हिशेब होता. बाबांनी त्याच संध्याकाळी सोसायटीत पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी प्राध्यापकांनी पडद्यावर संपूर्ण वर्गाच्या गुणांचा आलेख दाखवला. आलेखाचा डोंगर ऐंशीच्या पलीकडे होता. डावीकडे, डोंगरापासून तुटून पडलेला एक बुटका स्तंभ होता. त्या स्तंभात मी होते.

येथे ग्रेड वर्गाच्या तुलनेत ठरते, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. प्रवेश घेताना मी मास्टर्सच्या सगळ्या अटी वाचल्या होत्या: ठरावीक विषय, एक प्रकल्प आणि सर्व विषयांची मिळून किमान ‘बी’ इतकी सरासरी. सरासरी एकदा घसरली तर ताकीद, पुन्हा घसरली तर प्रवेश रद्द, आणि प्रवेश रद्द झाला की स्टुडंट पास, म्हणजे येथे राहण्याचा परवानाही रद्द. पुण्यात बसून वाचताना ही अट दुसऱ्या कोणासाठी तरी लिहिलेली वाटली होती. त्या दुपारी एमआरटीच्या, म्हणजे येथील मेट्रोच्या, थंडगार डब्यात मी घामेजलेले तळहात रुमालाने पुसत राहिले.

भीतीचे पृथक्करण केले तर ती कमी होते, असा माझा अनुभव होता. या वेळी ती वाढली. अवघड प्रश्नाला मी कधी घाबरले नव्हते, कारण उत्तर माझ्या हातात असे. येथे माझी ग्रेड शेजारच्या बाकावरचा विद्यार्थी किती अभ्यास करतो यावरही ठरणार होती. अज्ञात राशी जास्त आणि समीकरणे कमी असली, तर निश्चित उत्तर निघत नाही. मी अशाच एका प्रश्नात उभी होते.

जुरोंग ईस्टच्या फ्लॅटमध्ये माझ्यासोबत एक मुंबईची ताई राहते. ती रसायनशास्त्रात पोस्टडॉक करते. तपासून परत मिळालेला पेपर मी तिच्यापुढे ठेवला.

“अगं, हा पेपर आहे की चित्रकलेची वही?” ती पाने उलटत म्हणाली. “पेन्सिलीने आकृती, पट्टीने अधोरेखित शीर्षक, मग दिलेली माहिती, मग सूत्राची अख्खी सिद्धता... आणि शेवटचा प्रश्न कुठाय?”

“वेळ संपला.”

“संपणारच! बाणांना टोकं काढत बसलीस ना.”

“नीटनेटक्या आकृतीला गुण असतात, ताई.”

“तिकडे. इकडे नसतात, लाह.”

एरवी सिंगापुरी लोकांसारखे तिने वाक्याला जोडलेल्या ‘लाह’वर मी हसते. त्या दिवशी हसू आले नाही, कारण तिचे म्हणणे खरे होते. सोडवलेल्या प्रश्नांत जवळजवळ एकही चूक नव्हती. गुण गेले होते ते कोऱ्या पानावर.

दोष सापडला म्हणजे तो दूर झाला, असे यंत्रात होते. माझ्या हाताला मात्र चार वर्षांची सवय होती. घड्याळ लावून सराव करताना प्रश्न वाचून होण्याआधीच बोटे पट्टी शोधत. सिद्धता गाळून थेट सूत्र लिहिले की परीक्षक आता चोरी पकडणार, अशी धडधड होई. अखेरच्या परीक्षेला मी पट्टी आणि पेन्सिल मुद्दाम घरी ठेवून गेले. सभागृहात बसल्यावर प्रवेशपत्रच विसरल्यासारखे वाटले. पहिली आकृती पेनने, वेडीवाकडी काढली. ती पुन्हा नीट काढावीशी वाटली. तरीही पुढे गेले. शेवटचा प्रश्न पूर्ण झाला तेव्हा आनंद झाला नाही. सगळ्यांनीच तो सोडवला असेल, एवढेच मनात आले.

निकालाआधीच्या रविवारी ताई मला ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर फिरायला घेऊन गेली. समुद्रावरून एकामागून एक विमाने चांगी विमानतळाकडे उतरत होती. लोक येत होते, आणि मला प्रत्येक विमानात परत जाणारी मीच दिसत होते. हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या ठेल्यांच्या गर्दीत, समोर आलेल्या नूडल्स मी ताईच्या ताटलीत सरकवल्या.

निकाल लागला. हीट ट्रान्सफरमध्ये ‘बी’. सगळ्या विषयांची सरासरी अटीच्या रेषेच्या जेमतेम वर. मी बाबांना फोन केला आणि आधी तो आलेख, तो बुटका स्तंभ, सगळे सांगितले.

“म्हणजे पेढे वाटले तेव्हा तू...”

“शेवटच्या काहीजणांत होते, बाबा.”

“आणि आता गुण किती?”

“गुण कळवत नाहीत. फक्त ग्रेड कळते.”

“मग सोसायटीत विचारलं तर काय सांगू?”

“सांगा, टिकली म्हणून.”

“बरं. पुढच्या सत्राचं काय?”

पुढच्या सत्रात नवा वर्ग असणार होता, आणि त्याचा नवा आलेख.

“आत्ताच काही सांगता येत नाही,” मी म्हणाले, “पेढे तेवढे आणू नका.”