गणपतीखालचं बटण

हा किस्सा आमच्या सगळ्या पाहुण्यारावळ्यांत माझ्याआधीच पोचलेला आहे, आणि तोही चुकीचा. तुमच्याही कानावर आला असेल. तेव्हा निवांत बसा, चहा ठेवायला सांगितलाय. माझी फजिती व्हायचीच असेल तर ती निदान खरी तरी व्हावी.

मी शाळेत लिपिक आहे. विजेचं काम मला कुणी शिकवलं नाही. जुने रेडिओ उघडत, अधूनमधून शॉक खात, माझं मीच शिकलो. घाई माझ्या स्वभावात नाही. एक वायर जोडायची तर आधी ती पुसून घेतो, मग जोडतो, मग नीट जोडली का ते बघायला पुन्हा सोडतो. इतकं करूनही माझ्या हातची वस्तू चालत नाही, हा भाग वेगळा. पाण्याच्या टाकीला अलार्म बसवला. तो टाकी रिकामी झाली की ओरडायचा आणि भरून वाहायला लागली की गप्प. दारावरची बेल मी बसवली. ती स्वयंपाकघरात मिक्सर लावला की वाजते. आमच्या सौभाग्यवतींना वाटीभर चटणी वाटायची तर मधे दोनदा दार उघडून यावं लागतं.

यंदा आम्ही एक जुनी चारचाकी घेतली. घराखालच्या जागेत ती ठेवायची म्हणून मोटारीवर चालणारं शटर बसवलं. माझा लहानपणचा मित्र दिलीप, त्याचं बीडच्या बाजारात कापडाचं दुकान आहे. त्यानंही त्याच मिस्त्रीकडून तसंच शटर बसवून घेतलं. आम्हा दोघांनाही दोन-दोन रिमोट मिळाले, एक रोजच्या वापराचं आणि एक जादा. रिमोटवर बटण एकच. दाबलं की शटर खाली, परत दाबलं की वर.

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी ज्यानं त्यानं आपापल्या हत्यारांची पूजा करायची. दिलीपनं दुकानात पाटावर कात्री ठेवली, मोजायची पट्टी ठेवली आणि शेजारी आपली रिमोटं ठेवली. मी म्हणालो, माझंही सामान ठेव. पक्कड, टेस्टर, सोल्डरिंगची गन, माझी रिमोटं, सगळं एकाच पाटावर गेलं. हळदीकुंकू लागल्यावर सगळ्या रिमोटांची तोंडं सारखीच दिसायला लागली. आरती झाली, पेढे खाल्ले, आपापलं सामान उचलून आम्ही आपापल्या कामाला लागलो.

एवढी गोष्ट तुम्ही लक्षात ठेवा. मी ठेवली नाही.

आता मूळ कामाकडे येतो. आमच्या गाडीत गिअरच्या पुढं बटणांची एक ओळ आहे. त्यातल्या एका जागी नुसतंच झाकण होतं, आत काही नाही. महागाच्या गाडीत तिथं कसलं तरी बटण येतं म्हणे. ते झाकण मला रोज खुणावायचं. जादाचं रिमोट खोलावं, त्याच्या बटणाच्या दोन वायरी इथपर्यंत आणाव्यात, गाडी दारात आली की बसल्या जागी दाबावं आणि शटर वर. रिमोटची बॅटरी बारा व्होल्टची, गाडीचीही बारा व्होल्टची. म्हणजे सेल बदलायचीही कटकट नाही. सांगा, देवानंच जुळवून आणल्यासारखं होतं की नाही?

"उतरून दाबलं तर हात झिजत्यात का तुमचे?" सौ. म्हणाली.

"पाऊस असला तर?"

"बीडात?" ती म्हणाली आणि आत गेली.

दिवाळीची सगळी सुट्टी मी गाडीत उलटा झोपून काढली. फराळाला आलेल्या पाहुण्यांना माझे फक्त पाय भेटले. काम मात्र देखणं झालं. बटण असं बसलं की गाडीबरोबरच जन्माला आलंय. सगळ्यांना बोलावून बटण दाबलं. आत रिमोटचा लाल दिवा लागला. शटर ढिम्म.

पुन्हा खोललं, पुन्हा जोडलं. दिवा लागायचा, शटर हलायचं नाही. शेवटी मी निदान केलं, रिमोटच मेलेलं आहे. आणि भेटेल त्याला हे निदान सांगत सुटलो, कारण दोष माझ्या जोडणीचा नाही, हे लोकांना कळायला नको का?

"मेलंय तर मेलंय," सौ. म्हणाली. "निदान देव तरी लावा त्याच्यावर. गाडीत देव न्हाई, बरं दिसत न्हाई."

तिनं पितळेचा छोटा, मागून चिकटणारा गणपती आणला. मी तो नेमका त्या बटणावर चिकटवला. वायरी तशाच राहू दिल्या. मेलेल्या बटणाच्या वायरी कोण तोडत बसतो?

आता तुम्हीच सांगा, गाडी देवळावरून गेली की आपण काय करतो? माझा हात आपोआप आधी त्या गणपतीला लागतो, मग कपाळाला, मग छातीला. हे मी करतो असंही म्हणता यायचं नाही. ते होतं.

अशात माझ्या मेहुण्याच्या, म्हणजे भागवतच्या मुलीचं, राणीचं लग्न ठरलं. मुलाकडचे उमापूरचे. बस्ता बीडला बांधायचा ठरला. दोन्हीकडची मंडळी एकाच दुकानात बसून साड्या, शालू, आहेराचे कपडे, सगळं घेणार. दिलीपचं दुकान मी सुचवलं आणि वर, "सगळी जबाबदारी माझी," असंही बोलून बसलो.

भागवतला एकच भीती होती, मुलाच्या आत्याची. मुलाला तिनंच वाढवलेलं, घरात शब्द तिचा. आधीची एक सोयरीक तिनं सुपारी फुटताना अडकित्ता निसटला म्हणून मोडली होती.

"दाजी," भागवत मला बाजूला घेऊन म्हणाला, "आजचा दिस नीट पार पाडा. आत्याबाईच्या मनात काय आलं तर माझ्या लेकीचं लगीन गेलं म्हणून समजा. आन तुमी काय बी दुरुस्त करू नका."

मी गाडी घेऊन बसस्टँडवर उभा. मंडळी येतील तशी दुकानात पोचवायची, हे माझं काम. दिलीपच्या दुकानाला लागूनच गणपतीचं देऊळ आहे. एरवी त्या गल्लीत मी दुचाकीवर जातो. गाडी घेऊन त्या दिवशी पहिल्यांदाच गेलतो.

पहिल्या खेपेला भागवतच्या घरच्या बाया. देऊळ आलं, मी गणपतीला हात लावला, कपाळाला लावला, गाडी थांबवली. बघतो तर भर सकाळी दुकानाचं शटर खाली चाललंय. दिलीप आतून वाकून बाहेर आला, खिशातलं रिमोट दाबून त्यानं ते परत वर केलं.

"काय बे, आताच का बंद करतोस?"

"मी कुठं बंद केलं? सवताच खाली आलं. बघ जरा तुला यातलं कळतंय तर."

मी मान वर करून मोटार पाहिली आणि गंभीरपणे म्हणालो, "व्होल्टेज."

हा शब्द फार सोयीचा आहे. त्यावर कुणी पुढचं विचारत नाही.

दुसऱ्या खेपेला निघालो. जाताना देऊळ, अर्थातच हात. मागं काय झालं ते मला दिसलं नाही. उमापूरचे चार पुरुष घेऊन परत आलो, देवळाला हात केला, आणि पाहतो तर शटर वर सरकतंय आणि आतून बाया डोक्यावरचे पदर सावरत बाहेर पडतायत. सगळ्यांच्या पुढं आमची सौ.

"कुठं होतात अवं? अंधारात कोंडलोतो आमी. गरमीनं जीव चाललाता."

आत दिलीप साड्यांच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून रिमोट शोधत होता. एका शालूची घडी मोडताना ते कुठंतरी गेलं होतं. गल्ल्यातलं जादाचं रिमोट त्यानं दाबून पाहिलं, तर ते मेलेलं.

"माझंही जादाचं मेलेलंच निघालं," मी म्हणालो. "मिस्त्रीनं फसवलं आपल्याला."

हे वाक्य बोलतानाही माझ्या डोक्यात काही पेटलं नाही, याचं आज मला राहून राहून नवल वाटतं.

मग मी स्टूल मागवलं. भागवत "दाजी, नगं" म्हणत होता, तरी चढलो. टेस्टर लावला, एक स्क्रू सोडला, तोच परत बसवला, मोटारीवरची धूळ रुमालानं पुसली. उमापूरचे चौघं खाली माना वर करून उभे. इतके लोक माझं काम बघतायत, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. खाली उतरून हात झटकले आणि म्हणालो, "आता हे शटर माझ्या शब्दाबाहेर जाणार नाही."

ते गेलंही नाही, हे पुढं कळेलच.

तिसऱ्या खेपेला आत्याबाई. या खेपेला जाताना चौघांपैकी एकजण रस्त्याचं काहीतरी विचारत खिडकीला लटकून चालत होता, त्यामुळं देऊळ माझ्या लक्षातच राहिलं नाही. आत्याबाई पुढच्या सीटवर बसल्या, मांडीवर पिशवी, नजर सरळ. गाडीतला गणपती पाहून त्यांनी पहिल्यांदा मान हलवली. मला बरं वाटलं.

दुकान समोर दिसायला लागलं. दारात भागवत हार घेऊन उभा, मागं दोन्हीकडची मंडळी. देऊळ आलं. माझा हात गेला.

घर्र आवाज करत शटर खाली यायला लागलं. भागवत हारासकट आत उडी मारून गेला की ढकलला गेला, कोण जाणे. शटर जमिनीला टेकलं. बाहेर फक्त हारातून तुटून पडलेली दोन झेंडूची फुलं.

आत्याबाईंनी त्या फुलांकडं बोट केलं.

"भाऊ," म्हणाल्या, "दार तोंडावर लागलं की वो."

"व्होल्टेज," मी म्हणालो. या वेळी तो शब्द चालला नाही.

"व्होल्टेज माज्याच येळंला कावून? न्हाई, शकुन बरा न्हाई. गाडी फिरवा. बस्ता बी ऱ्हाऊ द्या आन बाकीचं बी इचार करून कळवू."

माझा फोन वाजला. भागवत. "दाजी, आत काय बी दिसंना. रिमोट घावंना. आत्याबाई उतरल्या का?"

काय सांगू त्याला? राणी आतच होती, नव्या साड्यांच्या ढिगात, अंधारात. जबाबदारी माझी होती. शब्द मीच दिला होता. दुसरं काही सुचेना, तेव्हा माणूस जे करतो तेच मी केलं. डोळे मिटले, गणपतीवर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणालो, "गणराया, आता तूच सोडव."

घर्र. शटर वर गेलं.

डोळे उघडले. आत्याबाई माझ्याकडं बघत होत्या. मग गणपतीकडं. मग त्यांनी पदर डोक्यावर घेतला, हात पुढं केला आणि गणपतीच्या पायाला हळूच बोट लावलं.

शटर खाली.

पुन्हा लावलं. शटर वर. आतली मंडळी एकदा दिसत होती, एकदा नाहीशी होत होती. भागवतचा हार आता त्याच्याच गळ्यात होता.

"गं माय," आत्याबाई म्हणाल्या. "जागृत हाय हा."

आणि तेव्हा, फार उशिरा, माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खंडेनवमीचा पाट. हळदीकुंकवानं भरलेली रिमोटं. मी दिलीपचं जादाचं रिमोट उचलून आणलं होतं, आणि माझं त्याच्या गल्ल्यात पडून होतं. माझी जोडणी पहिल्या दिवसापासून बिनचूक होती. माझ्या हातची वस्तू चालत होती!

गप्प बसलो असतो तर सुटलो असतो. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी जमलं होतं हो, गप्प कसा बसू? मी गाडीतून उतरलो आणि भर गल्लीत सगळ्यांना सांगितलं. रिमोट कसं बदललं, वायर कुठून कुठं नेली, वीज कुठून येते, सगळं.

दिलीपनं कपाळाला हात लावला. "म्हंजे सकाळधरनं तूच माजं दुकान उघडबंद करायलास बे?"

"मीच," मी अभिमानानं म्हणालो.

पण आत्याबाईंना ते पटेना. "वायर तर गाडीत हाय. शटर तिकडं. मधी काय हाय, सांगा? काय बी न्हाई. लग्नाची पयली पत्रिका गणपतीला असती. हितं पत्रिका ठिवायच्या आदीच त्यानं सवता दार उघडलं. यापरीस मोटा शकुन कोणचा? चला आत."

आणि त्या उतरून दुकानात गेल्यासुद्धा. आधी शालू निघाले, मग आहेराच्या साड्या. बस्ता संध्याकाळपर्यंत चालला. राणीच्या शालूचा रंग आत्याबाईंनी स्वतः निवडला.

मी भागवतला कोपऱ्यात गाठलं. "अरे, तू तरी शिकलेला आहेस. ती माझी जोडणी होती."

भागवतनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "दाजी, ते बटण मेलंय, हे दिवाळीत कोन सांगत होतं?"

"मीच. पण..."

"तुमच्या टाकीचा अलार्म चालतो का?"

"नाही."

"तुमी जोडलेलं आजवर एक तरी चाललं का? न्हाई ना? मंग हे चाललं, ते तुमचं कसं आसंल? देवाचंच."

जागृत देव हलवायचा नसतो म्हणून गणपती तिथंच आहे; दिलीपलाच मिस्त्री बोलावून जुन्या रिमोटानं शटर हलणार नाही असं करून नवं रिमोट घ्यावं लागलं. उमापूरकडचे पाहुणे आले की आधी गाडीच्या पाया पडतात, मग घरात येतात. आणि मी आमचं शटर अजूनही खाली उतरूनच उघडतो.

पण मी म्हणतो, भागवतचं म्हणणं काही अगदीच...

बेल वाजली का? बसा, बसा, उठू नका. कुणी आलेलं नाही. ही आत चटणी वाटतेय.