परकारचा कॉम्प्युटर आणि माझी जळजळ

ऑफिसात नवीन माणूस आला की हळूहळू त्याचे किस्से होतात. नवीन कॉम्प्युटर आला की पहिल्याच दिवशी! आमच्याकडे दोन्ही एकदमच आले. त्यामुळे किस्से इतके साठले की आता चौघं जमलो की कुठून सुरुवात करायची यावरून भांडण होतं. आज मी सांगतोय, म्हणजे माझ्या बाजूने ऐका.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. तुर्भ्याला आमचं क्लिअरिंग एजंटचं ऑफिस होतं. न्हावा-शेवा बंदरात माल उतरायचा आणि त्याची कागदपत्रं आम्ही करायचो. मालक खेर साहेब. टायपिंगला शिरवणे गावच्या मीना म्हात्रे. आणि मी, अनिल सामंत. वाशीच्या एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकलेला ऑफिसातला एकुलता एक माणूस! प्रिंटर अडला, "सामंत!" फ्लॉपी उघडेना, "सामंत!" नुसती वायर निघाली तरी, "सामंत!" अनिल म्हणून मला तिथे कोणी हाक मारल्याचं आठवत नाही.

मग विंडोजवाले नवे कॉम्प्युटर आले, आणि त्याच आठवड्यात नाझिम परकार आला. उरणचा. उंच, हसरा, इस्त्रीचा शर्ट. मला तो बघताक्षणी आवडला नाही.

*

पहिल्याच दिवशी तो मीनाताईंच्या मशीनवर बसला. पेंटमध्ये माऊसने त्यांच्या मुलीचं नाव काढलं, 'स्नेहल', शेजारी एक फूल. मग कुठेतरी दोन क्लिक केले आणि फरशी बसवल्यासारखं ते चित्र सगळ्या स्क्रीनभर पसरलं. स्नेहल, फूल, स्नेहल, फूल!

"आगं बया! माजी पोर सगल्या इस्क्रीनवर हाय!" मीनाताई उठून उभ्याच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी परकारसाठी डबा आणला. तांदळाची भाकरी आणि सुकट. मी त्यांच्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद वर्षभर काढत होतो. हात काळे करून! मला कधी साधी भाकरी सोडा, भाकरीचा वासही आला नव्हता.

तो आता आला.

*

वॉलपेपरने काय होतं? खरी विद्या म्हणजे सिक्युरिटी. मी थेट खेर साहेबांच्या केबिनमध्ये गेलो.

"साहेब, तुमच्या मशीनवर पार्टीचे सगळे रेट असतात. कोणीही येऊन बघेल. पासवर्ड पाहिजे."

साहेबांना पटलं. मी पासवर्ड टाकून दिला. मशीन सुरू केलं की चौकट यायची, नाव विचारायची, पासवर्ड विचारायची. साहेब इतके खूश झाले की त्यांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. "आमच्या सामंतने कुलूप लावलंय. आता कोणी उघडून दाखवा!"

मी भिंतीला टेकून नम्रपणे उभा होतो. म्हणजे नम्र दिसत होतो.

परकार म्हणाला, "बघू का साहेब?" आणि त्याने एस्केपचं बटण दाबलं. एकदाच. चौकट गेली, सगळं उघडलं!

साहेबांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"सामंत," साहेब म्हणाले, "हे कुलूप आहे की कुलपाचा फोटो?"

*

मग खरं कुलूप परकारनेच लावून दिलं. मशीन चालू करताच, विंडोज यायच्याही आधी, काळ्या स्क्रीनवर पासवर्ड मागणारं. तिथे एस्केप चालत नाही. पासवर्ड साहेबांनी स्वतः टाकला, आम्हाला केबिनबाहेर काढून.

सोमवारी ते पासवर्ड विसरले.

कंटेनर बंदरात, कागद मशीनमध्ये, पार्टी फोनवर. साहेब घामाघूम. मी परकारकडे बघत होतो. आता याचं काय होतं, या आशेने!

तेवढ्यात साहेबांच्या घरून फोन आला. साहेबांनी अडचण सांगितली. वहिनी हसल्या. स्पीकर चालू होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू आलं. "अहो, विसरता कसे? माझंच नाव टाकलं असणार!"

परकारने वहिनींचं नाव टाकलं. नाही उघडलं.

"मग लाडाचं नाव टाका." टाकलं. नाही.

"मग मुलीचं." तेही नाही.

साहेब खुर्चीतून वाकले आणि परकारच्या कानात काहीतरी पुटपुटले. त्याने चार इंग्रजी अक्षरं दाबली. मशीन उघडलं! मी जवळच होतो, बोटं कुठे पडली ते मला दिसलं. मोती. साहेबांचा कुत्रा.

फोनवरून आवाज आला, "उघडलं का? अहो, कुठलं नाव निघालं?"

साहेबांनी रिसीव्हर उचलला, परत खाली ठेवला, आणि आम्हाला म्हणाले, "लाईन गेली."

*

पुढचं फॅड परकारनेच आणलं. स्क्रीनच्या कोपऱ्यात 'माय कॉम्प्युटर' लिहिलेलं असतं, ते नाव बदलता येतं. मीनाताईंच्या मशीनवर त्याने 'म्हात्रे एक्स्प्रेस' केलं. साहेबांच्या मशीनवर 'कॅप्टन खेर'. साहेब तर दिवसभर तेच बघत बसले.

माझ्या मशीनपाशी आला तेव्हा मी म्हटलं, "राहू दे, मला येतं." आणि चांगला विचार करून इंग्रजीत लिहिलं, 'सामंत, डोन्ट टच'. म्हणजे मशीन सामंतचं आहे, हात लावू नका. स्टाईल पण झाली, सिक्युरिटी पण!

दुपारी मीनाताई बिलाची कॉपी घ्यायला आल्या. स्क्रीनकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, वरपासून खालपर्यंत.

"सामंत, तुमाला हितं कोन हात लावतंय?"

परकार इतका हसला की त्याला ठसका लागला. मी नाव बदलून परत 'माय कॉम्प्युटर' केलं.

*

पण एक दिवस माझाही होता हां!

मीनाताई डावखुऱ्या. माऊस उजवीकडून उचलून डावीकडे ठेवायच्या, पण बोटं उलटी पडायची. मी कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन माऊसची बटणं अदलाबदल करून दिली. उजवं ते डावं, डावं ते उजवं. परकार त्या दिवशी बंदरावर गेला होता.

दुसऱ्या दिवशी तो त्यांच्या मशीनवर काहीतरी नवीन दाखवायला बसला. क्लिक केलं तर भलताच मेनू उघडला. परत केलं, परत तेच. माऊस आपटला. उलटा केला. गोळी काढली, शर्टाला पुसली, फुंकर मारली, परत बसवली. तेच!

"व्हायरस आहे," परकार गंभीरपणे म्हणाला.

मीनाताई शांतपणे शेंगदाणे खात होत्या. "वायरस नाय. माऊस डावरा हाय. माज्यासाठी केलाय."

"कोणी?"

"सामंतांनी."

मी समोरच्या इनव्हॉइसमध्ये डोकं घातलं होतं. ते उलटं धरलंय हे मला नंतर कळलं. परकारने माऊस हळूच खाली ठेवला आणि जागेवर जाऊन बसला. त्या दिवशी मला पहिल्यांदा भाकरी मिळाली. सुकट खारट झाली होती. मी दोनदा मागून घेतली.

*

आणि आता उरणचा किस्सा.

त्या वर्षी ईदला परकारने जेवायला बोलावलं. साहेब लग्नाला जाणार होते, मीनाताईंच्या घरी पाहुणे होते, म्हणून मी एकटाच बसने गेलो. खरं सांगू? जेवणापेक्षा त्याचा घरचा कॉम्प्युटर बघायची घाई जास्त होती. सुटे भाग आणून त्याने स्वतः जोडला होता. माझ्याकडे घरी टीव्हीसुद्धा भावाचा!

परकारने दारातच बायकोला माझी ओळख करून दिली. "रुखसाना, हा अनिल. माझा दोस्त."

अनिल! मला क्षणभर मागे वळून बघावंसं वाटलं.

मशीन सुरू केलं तर विंडोजच्या ढगांच्या जागी उरणच्या मोरा बंदराचा धक्का आणि एक होडी आली, त्यानेच पेंटमध्ये काढलेली. तीही चांगली! माझी भूकच मेली. कसं केलं विचारलं असतं, पण जीभ वळली नाही. मी म्हटलं, "बरं आहे."

जेवायला बसलो. कॉम्प्युटर समोरच चालू होता. बिर्याणी अशी की माझी भूक परत आली. भाभींनी दुसऱ्यांदा वाढलं. माऊसला बराच वेळ कोणी हात लावला नव्हता, त्यामुळे स्क्रीन काळा झाला आणि त्यावरून अक्षरं सरकायला लागली. मोठी, पिवळी, इंग्रजी लिपीत, पण मराठी. उजवीकडून डावीकडे, सावकाश.

'सामंतच्या पुढे जायचंय... सामंतच्या पुढे जायचंय...'

परकारने ताटावरून उडीच मारली. भाताने भरलेला हात तसाच माऊसवर! अक्षरं गेली, मागे उरला नुसता हिरवा स्क्रीन आणि माऊसला चिकटलेली शितं. तो माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. कान लालबुंद.

भाभी माझ्या ताटात रायता वाढत होत्या.

"अनिलभाई, तुमी पन कॉम्प्युटरवालेच ना? मग मला सांगा, हे सामंत म्हणजे नक्की काय असतं? लय कठीण असतं का? हे रोज ऑफिसमधून येऊन त्याच्याच मागे असतात!"