बुरडिणीची दोरी

निजामाच्या राज्यात मी तहसील कचेरीत साधा कारकून होतो. ज्वारी घरात यायच्या आधीच तालुक्याचं पीक किती येणार, हा अंदाज काढायचं काम माझं. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक. शेतसाऱ्यात सूट मिळावी म्हणून गावं कायम कमीच सांगायची, आणि कचेरी डोळे मिटून त्यावर चार आणे वाढवायची. चोरावर मोर!

त्या साली गावांनी सांगितलं सहा आणे. पेशकार म्हणजे आमचे वरचे कारकून, त्यांनी झटक्यात दहा केले. दहा आणे वर कळले की तालुक्यातली ज्वारी बाहेर न्यायला परवानगी मिळणार होती. माझं मन काही घेईना.

घाटनांदूरच्या बाजारात धान्याच्या कणग्या विणणारी एक बुरडीण बसायची. विकलेल्या प्रत्येक कणगीमागं ती दोरीला एक गाठ मारायची, सालागणिक वेगळी दोरी. मी विचारलं, तर दोरी पुढ्यात फेकून म्हणाली, "तीनच गाठी हायेत, मुनशीजी. कणसात दाणा न्हाई, कणगी कावून घेतील?"

अहो, सरकारशी खोटं बोलणारा माणूस बुरडिणीशी कशाला खोटं बोलेल? जुन्या दोऱ्या मागून आणल्या, त्या-त्या सालच्या खऱ्या पिकाशी ताडून पाहिल्या. धनगर मेंढरं घेऊन गंगथडीला, म्हणजे गोदावरीकाठी, कधी हलले, बाजारात बैल किती आले, जोशाकडं लग्नाच्या तिथी किती निघाल्या, सगळं मांडलं. कागदाला कागद चिकटवून आकड्यांचा तख्ता एवढा झाला की कचेरीची जमीन पुरेना. उत्तर आलं चार आणे.

पेशकार जोड्यासकट त्यावरून चालत गेले. "दोरीवर सरकार चालवतोस का बे? चुकलास तर घरी बसशील."

"बसेन," म्हणालो. आणि तहसीलदारसाहेबांपुढं तख्ता पसरलाच. त्यांनी बराच वेळ वाचला आणि चार आण्यांवर सही केली.

ज्वारी तालुक्यातच राहिली. सुगीत खळ्यांवर चारच आणे उतरले, पण एकाही घराला गाव सोडावं लागलं नाही. लई माज चढला हो मला! पेशकारांसमोरून मुद्दाम दोनदा गेलो.

पुढच्या संक्रांतीला बुरडीण लांबूनच ओरडली, "मुनशीजी, औंदा दोरी पुरंना!" गावं म्हणत होती आठ, मी बेधडक चौदा आणे लिहिले. पेशकारांनी कागद हातात घेतला आणि एवढंच विचारलं, "दोरी बघितलीस ना?"