खाटेपाशी बादली

ऑगस्ट २०१७, शनिवार. डहाणूतल्या आमच्या लहानशा रुग्णालयात मी ड्रेसिंगची ट्रॉली पुसत होते. वरोरच्या एका खलाशाच्या पायाची जखम चिघळली होती आणि तिच्यातल्या जंतूंवर नेहमीची औषधं चालेनाशी झाली होती. त्याला कोपऱ्यातली खाट दिली होती. पलीकडे सायवनची बाळंतीण होती, पोटावर ताजे टाके.

खलाशाची आई रोज यायची, मुलाचा पाय कुरवाळायची आणि जाताना बाळ-बाळंतिणीवरून मायेनं हात फिरवायची. त्या दिवशी मी आडवी आले.

"मावशी, आधी हात धुवा."

"का गं? मासळीचा वास येतो?"

"वासाचं सोडा, मी बोंबलाशिवाय जेवत नाही. तुमच्या मुलाचे जंतू तुमच्या हातावरून तिच्या टाक्यांत गेले, तर तिला औषध कुठलं देऊ?"

"आमच्या हातानं अजून कोणी मेलं नाही!" म्हणत त्या तरातरा निघून गेल्या.

संध्याकाळी त्यांच्या गावातले दोघे आले. आमच्या बाईचा अपमान केलात, माफी मागा, म्हणाले. आमच्या मोठ्या सिस्टरही म्हणाल्या, "मिटवून टाक." मी नाही म्हटलं. माफी मागितली, की हात धुणं तिथंच संपलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खलाशाच्या खाटेपाशी बादली, तांब्या आणि साबण ठेवला. मावशी आल्या आणि मुलापाशी बसून उठल्या, तेव्हा पाहुण्याच्या हातावर घालतात तसं त्यांच्या हातावर पाणी घातलं.

"साबण तरी वासाचा आणायचास," त्या पुटपुटल्या.

मी त्यांना पुन्हा एकदा चोळायला लावलं.